आखूड शिवलेलं पोट

माझ्या पोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत एक शिवण आहे. ती घातली तेव्हा मी विशीत होते. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आमच्या धनज गावात कुणाचं पोट फाडून पुन्हा शिवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आता मी म्हातारी झाले, शिवण फिकी पडली, पण ओढ गेली नाही. शिंप्यानं घाईत चोळी बोटभर आखूड शिवावी आणि उसवून द्यायला नाही म्हणावं, तसं ते आहे. चोळी निदान रात्री काढून ठेवता येते.

लग्नानंतर काही वर्षं मला मूल नव्हतं. धाकट्या जावेला वर्षाच्या आत मुलगा झाला, तेव्हापासून घरात येणारीजाणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. त्यामुळे पोट वाढायला लागलं तेव्हा हे मूलच आहे का, अशी शंका सगळ्यात कमी मलाच आली. पाळी कधी यायची, कधी नाही, पण असल्या गोष्टी सांगायच्या कुणाला? सासूबाईंनी लांबून बघूनच निकाल दिला.

"पोट पुढं टोकदार हाय. पोरगाच होते, पाह्य."

मग माझे लाड सुरू झाले. चुलीपुढून उठवलं, पाण्याचे गुंड उचलू दिले नाहीत. बोरं मागितली तर बोरं, भाजलेला हुरडा मागितला तर हुरडा. सातव्या महिन्यात हिरवं लुगडं नेसवून, हिरव्या बांगड्या भरून मला पाटावर बसवलं. गल्लीतल्या बायकांनी गाणी म्हटली आणि नारळ-तांदळांनी माझी ओटी भरली. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं माझ्या केसांत गजरा माळला. त्यांचा हात माझ्या डोक्यावरून फिरला तो तेवढाच एकदा. मी खूप सुखात होते, हे कबूल केलंच पाहिजे. डोहाळे पुरवले गेले ते एका गोळ्याचे, हे पुढे कळलं. त्या गोळ्याइतकं कौतुक गावात कुणाच्या लेकराचं झालं नसेल.

नववा महिना गेला, दहावाही सरत आला. सासूबाईंनी सुईणीला बोलावलं. म्हातारीनं तेलाचा हात माझ्या पोटावरून बराच वेळ फिरवला, कान लावला, आणि मग माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "माय, याच्यात काही हालून नाही राह्यलं. इले दवाखान्यात न्या."

बैलगाडीनं कारंजा, छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोला. सोबत माझे मालक होते. दवाखान्यात डॉक्टरीणबाई होती, हिंदी बोलायची. तिनं तपासून सांगितलं की हे मूल नाही, गोळा आहे, आणि लवकर काढला नाही तर मी जगणार नाही. नर्सनं माझ्या हिरव्या बांगड्या काढून घेतल्या. पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पोट सपाट होतं. गोळ्यानं ताणलेली कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती, म्हणून डॉक्टरीणबाईनं जास्तीची कापून टाकून उरलेली शिवून घेतली होती. तिला वाटलं, चांगलं केलं. केलंही असेल. पण मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा वाटलं, माझ्या मापाचं कातडं तिथंच राहिलं आणि कुण्या लहान पोरीचं मला चढवलं. मी कंबरेत वाकून उभी होते आणि मान वर करून तिच्याकडे बघत होते.

"धीरे धीरे ढीला पड़ेगा," ती म्हणाली. "वक्त लगेगा."

पुढे मूल होईल की नाही, हे तिनं मालकांना बाजूला नेऊन सांगितलं. काय सांगितलं ते मालकांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मूल झालं नाही, एवढं उत्तर मला पुरेसं होतं. मला टाकून दुसरी केली नाही, हे त्यांचे उपकार म्हणून गाव मला अधूनमधून आठवण करून द्यायचं.

गावी परत आले तर बघायला रीघ लागली. मला नव्हे, गोळ्याला. तो अकोल्यालाच राहिला म्हटल्यावर बऱ्याचजणी हिरमुसल्या.

"केवढा होता वं?"

"टरबुजाएवढा."

"टरबूज तं लहानबी राह्यते. आमच्या मावशीचा याच्याहून मोठा होता."

अशी गोळ्यागोळ्यांत चुरस लागली. मी भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची. मला कसं वाटतं हे त्यांच्यातल्या एकीनंही विचारलं नाही. आजार होता तो गोळ्याचा. गोळा गेला, आजार गेला, आता राहिलं काय?

राहिलं होतं ते असं. पाय लांब करून मला निजता येत नव्हतं, गुडघ्याखाली गोधडीची वळकटी लागायची. शिंक आली की दोन्ही हातांनी पोट धरावं लागे. शिवणीच्या वरचा भाग तर मेल्यासारखा झाला होता. चुलीजवळ बसले असताना एकदा तिथं निखारा उडाला, लुगडं जळल्याचा वास आला तेव्हा कळलं. पण त्याच बधिर जागेच्या आत कुठंतरी खाज सुटायची आणि वरून कितीही खाजवलं तरी तिथवर पोचायची नाही. लुगड्याची गाठ तर सोसायचीच नाही. मी ती बरगड्यांखाली वर नेऊन बांधायची, मग खाली लुगडं घोट्याच्या वर उचललं जायचं. विहिरीवर बायका म्हणायच्या, "अकोल्याची फ्याशन हाय काय व?" मीही हसायची. हसलं की पोट दुखायचं.

मालकांना एकदा सांगून पाहिलं. ते बैलाचं दावं वळत होते. म्हणाले, "डाक्टरनं कापून काहाडला ना? मंग आता दुखाले उरलं काय?" ते वाईट मनाचे नव्हते. त्यांचा हिशेब सरळ होता, आणि मला त्या हिशेबात माझी जागा दाखवता येईना.

दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, कपाशीच्या पऱ्हाटीखाली खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. मग घरच्या थोरल्या सुनेनं कमरेला धडपं बांधून पहिली बोंडं वेचायची, आणि तिच्यामागे बाकीच्या बायकांनी वेचायला लागायचं. धडपं म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा. त्याची गाठ कमरेला मारून पुढे खोळ करतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकतात. लग्न झाल्यापासून तो मान माझा होता. घरात माझ्या नावाचं तेवढं एकच काम होतं जे जाऊ करू शकत नव्हती.

त्या वर्षी सासूबाई आदल्या दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तुले गाठ सहन होत नाही. यंदा धाकटीले वेचू दे."

मी ‘बरं, आत्याबाई’ म्हटलं. आणखी काय म्हणणार? पण ते वाक्य कितीतरी महिने मी मनात उलटंपालटं करत राहिले. माझ्या पोटाची काळजी म्हणून त्या बोलल्या, की जिची कूस रिकामी तिचा हात पहिल्या बोंडाला लागू नये म्हणून? तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी शिवी दिली असती तर परवडलं असतं, निदान काय ते कळलं असतं.

जावेनं पहिलं बोंड वेचलं. कडेवर पोरगं होतं, ते खाली ठेवून तिनं धडपं बांधलं आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी राग तं नाही ना धरला?" मी म्हटलं, "मी काहून राग धरू?" आणि इतका राग आला होता की माझ्या वाटचा दहीभात मी तसाच पानावर ठेवला.

त्या हंगामात मी धडपं गळ्यात अडकवून वेचायची. वेचताना प्रत्येक बाईला पऱ्हाटीची एक ओळ असते, तिला पात म्हणतात. जिची पात आधी संपते ती उलटी फिरून मागे राहिलेलीच्या पातीत समोरून शिरते, म्हणजे कुणी एकटी शेतात उरत नाही. ती आमची रीतच आहे, त्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. मी सगळ्यांच्या मागे राहायची. समोरून मात्र कुणी यायचं नाही. "इले आपलं हळूहळू करू द्या, इले दगदग नोको," असं सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. बायका धुऱ्यावर बसून भाकरी सोडायच्या, त्यांचं हसणं ऐकू यायचं, आणि मी पऱ्हाटीत वाकलेली. वाकलं की पोटाला बरं वाटायचं, सरळ झालं की ओढायचं, म्हणून मी वाकूनच राहायची. त्या पातीत मी पुष्कळदा रडले.

तेव्हा ठरवलं, पुढच्या सीतादहीला गाठ मारायचीच.

घरात कुणी नसलं की मी गोठ्याच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. आधी टाचा, मग कंबर, मग खांदे, मग डोकं. डोकं टेकायला हिवाळा गेला. शिवणीवर करडईचं तेल चोळायची, बधिर जागेवरही, तिथं मीच चोळते आहे हे बोटांना कळायचं, पोटाला नाही. लुगड्याची गाठ रोज थोडी थोडी खाली आणली. पावसाळ्यात ती शिवणीवर आली. त्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कडब्याच्या गंजीवर बसले. मग उठून पुन्हा बांधली. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी थांबवलंही नाही. थांबवायला कुणाला माहीत असायला हवं ना.

दिवाळी आली, कापूस फुटला. सकाळी मी जावेच्या आधी तयार होऊन अंगणात उभी राहिले. लुगडं घोट्यापर्यंत, गाठ जिथं असावी तिथं, आणि धडप्याची गाठ तिच्यावर. आतून कुणीतरी दोन्ही कुशींना धरून खाली लोंबकळत होतं. मी ताठ होते.

सासूबाई दह्याचं मडकं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी गाठीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील. लागते का, ओढते का, एवढे दोन शब्द. मी सगळं सांगून टाकणार होते. निखाऱ्याचं, खाजेचं, चौकटीचं, आणि गेल्या वर्षी माझा मान काढला तो गाठीमुळे की कुशीमुळे, हेही विचारणार होते.

"झाली वाटते बरी," त्या म्हणाल्या. "चाल मंग, तूच वेच."

एवढंच. खडे मांडले, नैवेद्य झाला, पहिलं बोंड मी वेचलं. जाऊ मागून आली, तिच्यामागे बाकीच्या. दिवसभर मी सगळ्यांच्या बरोबरीनं पात काढली. कापूस हलका असतो म्हणतात. म्हणणाऱ्यानं तो दिवसभर असल्या शिवणीला बांधून बघावा. दुपारी मी त्यांच्यासोबत धुऱ्यावर बसून भाकरी खाल्ली. जाऊ म्हणाली, "बाई कशी सरळ उभी राह्यते आता, माह्याहून ताठ." सगळ्या हसल्या. मालकांनी संध्याकाळी ओझं उचलायला हात लावला आणि तेही म्हणाले, "गेलं ना शेवटी दुखणं?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं पहिलं बोंड मीच वेचलं. सासूबाई गेल्या, मालक गेले. पण त्या दिवसानंतर मला दुखतं असं म्हणायची सोय उरली नाही. म्हटलं तर काहून दुखते म्हणून विचारलं असतं, आणि पुढच्या वर्षी धडपं पुन्हा जावेच्या कमरेला गेलं असतं. मी माझी जागा परत मिळवली आणि तिच्या बदल्यात दुखणं गाडून टाकलं, तेही जिवंत.

त्या पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी गोठ्यात जाऊन गाठ सोडली. ती सहज सुटेना, दातांनी ओढावी लागली. कातडीवर बोटभर रुंद वळ उठला होता. मी त्याच्यावर हात ठेवला आणि सासूबाईंच्या आवाजात, हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "लय ओढते का वं?"

आणि मग मीच म्हटलं, "हो आत्याबाई, लय ओढते."