पायी नेली तर नुसता चारा

परवा खिडकीखालून एक वरात गेली आणि घोडीच्या घामाचा वास वर आला, तसा मला माझ्याच लग्नाचा दिवस आठवला. हे लग्न मला नको होतं; ते बाबांना सांगायचं धाडस होत नव्हतं आणि मी भोपाळच्या इंद्रपुरीतल्या आमच्या दारात मुंडावळ्या बांधून घोडीवर बसलो होतो. आमच्या घरात घोडीची पद्धत नव्हती, पण तिथल्या लोकांचं बघून बाबांनी ती ठरवली होती. फोटो काढून झाले की मी उतरून कारनं साकेत नगरला मुलीकडे जायचं आणि घोडी पिकअपमधून यायची, असा बेत होता. वाटेत कारमध्ये बाबांना सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. पण ऐन वेळी पिकअपच्या डिझेलवरून वाद जुंपला. घोडीवाला म्हणाला, "साहब, पैदल ले चलो तो बस चारा और नाल घिसने का खर्चा." मी उतरायला लागलो, तर शेजारच्या आंटी ओरडल्या, "दूल्हा बीच में नहीं उतरता, अपशगुन होता है!" बाबा खूश झाले, म्हणाले, "मग दोघंही असेच चला." भर ट्रॅफिकमध्ये, दोन्ही बाजूंनी लगाम धरलेला, पुढे बँड. "बाबा, मला उतरवा," असं मी म्हणालोही, पण कुणाला ऐकू गेलं नाही. परवा हे सगळं बायकोला पहिल्यांदाच सांगितलं. ती खिडकी लावत म्हणाली, "तुम्ही निदान रस्त्यावर तरी होता. माझ्या खोलीला बाहेरून कडी होती."