कुशाबाईची गाठ आन् उपाशी एडका

कवठे येमाईच्या कुशाबाईनं हयातभर मेंढरं राखली. सत्तरीत छातीत कॅन्सरची गाठ निघाली, तर ही तिला उपाशी मारायला निघाली. शेजारच्या सोजराबाईनं मोबाईलवर ऐकलं होतं की गाठ आपल्याच खाण्यावर माजती. झालं, कुशाबाईनं भाकरी-दूध सोडलं आन् उकडलेल्या दुधीवर आली. आधी गाठ मरू दे, मग जेवू.

डॉक्टरनं मात्र बजावलेलं, वजन चाळीसच्या खाली गेलं की केमो थांबवीन. शिरूरच्या दवाखान्यात केमोला जायच्या दिवशी लुगडं कमरेवर ठरंना. मग बाजारात मेंढरू काट्यावर चढवायच्या आधी करतात तेच तिनं केलं. मिठाचा खडा चघळला आन् दोन तांबे पाणी रिचवलं.

काटा साडेचाळीस. कुशाबाई खुशीत उतरली. पण नर्स मोनिका मेंढरांच्या व्यापाऱ्याची लेक. ती पोटाकडंच बघत होती.

"आजी, लघवीला जाऊन या. मग परत उभ्या ऱ्हावा."

"मला न्हाई लागली."

"लागंल की. मला कुठं घाई हाय?"

अर्ध्या तासानं काटा एकोणचाळीसवर आला आन् केमो हुकली.

नात धनश्री पुण्याच्या प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवती. ती घरी येऊन तापली. "आज्जे, पेशीला दारं असतात. खाणं तोडलं की गाठ जादा दारं उघडून रक्तातलं अन्न आधी ओढती. आत माल वाहणारे बारके हमाल असतात, टीआरएनए म्हणतात. त्यांच्यावर ती खुणा उमटवती, म्हंजी माल न चुकता, भराभर पोचतो."

"खुणा? मेंढराच्या कानाला करतो तशा?"

"तशाच समज."

"म्हंजी माजलेला एडका. दुष्काळात त्यो मरत न्हाई. आधी कोकरं जात्यात."

"एडक्याचं केमो बघंल. तू अंगातली कोकरं जगव."

दुसऱ्या दिवशी कुशाबाई दही-भाकरी आन् दोन अंडी घेऊन ओट्यावर बसली. सोजराबाई कुंपणावरून डोकावली. "गाठीला खायला घालतीस व्हय?"

"मी जेवतीया. ती पाव्हण्यासारखी आयती पंगतीला बसती, तिला काय करू? ये, तूबी बस. मोबाईल घरी ठेव."

पंधरवड्यानं शिरूरला ती न सांगता आधी लघवीला जाऊन आली आन् चपला काढून काट्यावर चढली. चाळीस किलो, वर दोनशे ग्रॅम.

मोनिकानं सुई काढली. "मिठाचा खडा?"

"न्हाई, अंडी." कुशाबाईनं हात पुढं केला आन् दुसऱ्या हातानं पिशवीतला डबा मांडीवर घेतला. "लाव. तुझं चालू दे, मी तवर जेवती."