मॉनिटरचा विटाळ

माझ्या चपला पायात जायच्या आतच काकांनी बाटलीचं झाकण उघडलं. गोमूत्राची बाटली. ओंजळीत घेतलं आणि मॉनिटरवर शिंपडलं. की-बोर्डवर शिंपडलं. मी बसले होते त्या खुर्चीवर तर दोनदा. दार उघडंच होतं. मी बघतेय हे त्यांना दिसत होतं. लपवायचं असतं तर दार लावलं असतं.

कर्वेनगरातलं घर. निवृत्त प्राध्यापक. आयुष्यभर फिजिक्स शिकवलं म्हणे. मॉनिटर सारखा लुकलुकतो म्हणून त्यांनी दुकानात फोन केला होता आणि दादांनी मला पाठवलं होतं. दादा म्हणजे दुकानाचे मालक. मी वाशीमकडची, वारज्यात खोली घेऊन राहते, मॉनिटर दुरुस्तीचं काम करते. मागची केबल सैल होती. काढून नीट बसवली, पडदा स्थिर झाला. काका खूश. "वा, हुशार आहात हो!" आणि लगेच, "आडनाव काय म्हणालात?" म्हणाले नव्हतेच मी. सांगितलं. काकांचं हसू मावळलं. आत चहा सांगितला होता, तो काही आला नाही.

जिना उतरताना मला रडू फुटलं. लाज वाटली. शिंपडलं त्यांनी आणि लाज मला वाटली, याचीच पुढे जास्त चीड आली. पण तेव्हा गप्प बसले. नोकरी नवी होती.

आठवडाही झाला नाही, तोच काकांचा फोन. पडद्याच्या खालच्या बाजूला काळा पट्टा, वर उभ्या रेषा. "तुमच्या त्या मुलीनं काहीतरी करून ठेवलंय." चोराच्या उलट्या बोंबा! दादा मला घेऊन स्वतः निघाले.

मी मॉनिटरचं मागचं झाकण उघडलं. भपकन वास आला. खालच्या कडेनं ओल आत झिरपली होती, पिवळे ओघळ वाळून बसले होते, आतल्या जोडण्या हिरव्या पडल्या होत्या.

"काका, हे गोमूत्रानं झालंय. मी निघाले तेव्हा तुम्ही शिंपडलंत."

"शुद्धीकरण म्हणतात त्याला. आमच्या घरची पद्धत आहे. आपण मनाला लावून घेऊ नका, जातपात आम्ही मानत नाही."

मानत नाहीत! जन्मभर पोरांना वीज शिकवली, आणि विजेच्या यंत्राला आंघोळ घातली. पण मानत नाहीत. मी विचारलं, "मग आज दादा गेल्यावर शिंपडणार का?"

काका दादांकडे वळले. "पडदा भरून देणार ना?"

दादांनी मला दारापाशी नेलं. "विषय वाढवू नकोस. जुनं गिऱ्हाईक आहे. सॉरी म्हण, पडदा आपण बदलून देऊ. नाहीतर उद्यापासून दुकानात येऊ नकोस."

पुण्यात आल्यापासून मी गावची बोली दाबून ठेवली होती. लोक हसतात म्हणून. त्या घरात ती आपोआप तोंडातून बाहेर पडली. "नाही म्हणत मी सॉरी. काहून म्हणू?"

"म्हणजे चूक आमची?" काका.

"हो. तुमचीच."

दादांनी हात झटकले. "झाकण लाव आणि नीघ."

मी टेबलापाशी परत आले आणि झाकण लावायला हात पुढे केला. काका पटकन एक पाऊल मागे सरले. त्यांची नजर कपाटावरच्या बाटलीकडे गेली. एवढं सगळं झाल्यावरही! यंत्र कायमचं मेलं तरी चालेल, पण बाटली हवी. त्या क्षणी माझं रडणं, लाज, भीती सगळं संपलं. उरली ती फक्त किळस. मी हात मागे घेतला. मॉनिटर तसाच उघडा ठेवला, स्क्रू टेबलावर.

"ज्याच्या हाताचा विटाळ होत नाही, त्याच्याकडून लावून घ्या," म्हटलं आणि निघाले.

नोकरी गेली. दादा मनानं वाईट नाहीत, असं दुकानातले लोक सांगतात. नसतील. मला काय त्याचं?

कामात चुकले तर मी माफी मागेन. शंभरदा मागेन. पण जन्माला आले याची माफी मागणार नाही. कुणाच्या घरात नाही, कुणाच्या नोकरीसाठी नाही.