दोन धोतरांचं लुगडं

जालन्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी पुष्कळ आहेत, पण कापड ओळखावं ते झुंबरबाईनंच, असं त्यांच्यातल्या बायकाही कबूल करतात. वय साठीच्या पुढं. अडतीस वर्षं ती डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन अंबड, घनसावंगीकडची गावं फिरते आहे. साडी हातात आली की ती पदराकडं बघतही नाही. निऱ्यांच्या जागी चिमटीत धरून चोळते आणि सांगते, ही धुऊन धुऊन विरली, ही नेसून विरली, आणि हिला तर कुणी हातच लावला नाही, कपाटात पडून पडून घडीवर फाटली. जरीचा धागा दगडावर घासून आतून तांबं निघतं की चांदी, हे ती बोलता बोलता सांगून टाकते.

जमा झालेले कपडे तीन वाटांनी जातात. धड असलेल्या साड्या आठवडी बाजारात. जुनी इरकली, पैठणी, हिमरूची शाल असं काही सापडलं तर संभाजीनगरला तृप्तीताईकडं. या ताईचं जुन्या कपड्यांचंच दुकान आहे, आणि ती अशा मालाला 'व्हिंटेज' म्हणते. झुंबरबाईला त्या शब्दाचं हसू येतं. पण तिला स्वतःलाही तोच नाद आहे. चांगलं लुगडं सापडलं की विकण्याआधी ते एक दुपार ती स्वतः नेसते, दार लोटून घेते आणि आरशासमोर उभी राहते. ते नेसून कोण कुठल्या लग्नाला गेली असेल याचा विचार करत बसते. तिसरी वाट पांढऱ्या सुती कापडाची. ते राधेश्यामच्या गोदामात जातं. तिथं बायका विळीवर त्याचे हातभर तुकडे करतात आणि पोती भरून लोखंडाच्या कारखान्यांना पाठवतात, मशिनीचं तेल पुसायला. पांढरं सुती तेल चांगलं शोषतं, म्हणून ते गोदामात कधी साठून राहत नाही.

गेल्या वर्षी पितृपाटात, घरोघरी दसऱ्याची आवरासावर चालू असताना, झुंबरबाई वडीगोद्रीत साहेबराव गुरुजींच्या दारात उतरली. गुरुजी त्यांच्या आईला, कौतिकाबाईंना, डोळे दाखवायला अंबडला घेऊन गेले होते. घरी एकटी नातसून होती, अक्षता. मे महिन्यात लग्न होऊन आलेली. तिनं बाजेवरचा ढीग पुढं सरकवला. त्यात जुने शर्ट होते, दोन साड्या होत्या, आणि उशीच्या अभ्र्यात घालून ठेवलेलं एक पांढरं कापड होतं.

"हे आजोबांचं धोतर दिसतं," अक्षता म्हणाली. "ते जाऊन लई वर्षं झाली. घेता का?"

झुंबरबाईनं अभ्र्यात हात घातला. एक नव्हे, दोन धोतरं होती, मधोमध दंड घालून जोडलेली. काळ्या दोऱ्यानं, हातानं घातलेली शिवण. काठ बारीक, तपकिरी. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं मिलचं कापड. आणि डांबरगोळ्यांचा वास. हे कुणीतरी दरवर्षी काढून उन्हात घालतं आणि परत जपून ठेवतं, हे तिला त्या क्षणी कळलं. 'घरात विचारलंस का गं?' एवढं एक वाक्य तोंडाशी आलं होतं. पण विचारलं की बाया कापड मागं घेतात, मग सगळाच सौदा मोडतो, हा तिचा अनुभव. ती गप्प बसली. झाकणाचा मोठा डबा आणि एक पातेलं देऊन तिनं गाठोडं बांधलं. जाताना अक्षतानं तिचा नंबर घेतला, पुढं लागेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी पांढरा माल राधेश्यामकडं गेला.

गुरुवारी फोन आला. पोरगी रडत होती, आधी काही कळेचना.

"मावशी, ते पांढरं… ते आजोबांचं नव्हतं. आजीच्या आईचं होतं. त्या ते नेसून नागपूरला गेल्त्या, छप्पन साली, दीक्षेला. मावशी, ते परत द्या. डबा घेऊन जा, दुसरं काही मागा, पण ते द्या."

झुंबरबाई होती तिथंच ओट्यावर बसली.

हळूहळू सगळं समजलं. दीक्षेला पांढरं नेसून जायचं होतं आणि घरात पांढरं लुगडं नव्हतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. मग कौतिकाबाईंच्या आईनं नवऱ्याची दोन धोतरं जोडली. घरात दोरा होता तो काळा, त्यानंच. नऊ वर्षांच्या कौतिकाला बोटाला धरून ती जालन्याहून रेल्वेत बसली. दरवर्षी दसऱ्याला कौतिकाबाई ते लुगडं मांडीवर घेऊन बसत आणि मग विहारात जात. त्या वर्षी त्यांनी ते नेहमीपेक्षा चार दिवस आधीच काढून उन्हात घातलं होतं आणि ते बाजेवरच राहिलं होतं.

"आजी काय म्हणतात?" झुंबरबाईनं विचारलं.

"काहीच न्हाई. माझ्याशी बोलतच न्हाईत. जेवत बी न्हाईत."

झुंबरबाई तशीच उठून गोदामात गेली. राधेश्याम गादीवर बसून चहा पीत होता.

"मौसी, पांढरा माल एक दिवस तरी थांबतो का? मंगळवारचं मंगळवारीच कटिंग झालं."

"दोन धोतरं व्हती. मधी काळा दोरा. एखाद्या बाईला आठवत असंल, विचार तर खरं."

विळीवरच्या बायकांनी माना हलवल्या. दिवसाला किती कापड हाताखालून जातं, दोरा कोण बघतं. तरी त्यातली एक, उषाबाई, तिच्याबरोबर उठली. शिल्लक असलेली पोती दोघींनी फरशीवर रिकामी केली. एकेक तुकडा उजेडात धरायचा आणि बाजूला टाकायचा. शुक्रवारचा दिवस त्यात गेला. शनिवारचाही. नाकातोंडात कापसाचा भुगा बसला. काळा दोरा कुठं दिसला नाही.

मधेच तिला वाटलं, आपण चुकून ते तृप्तीताईच्या गाठोड्यात तर टाकलं नाही? तिनं फोन लावला. ताईनं सगळं दुकान धुंडाळलं आणि तासाभरानं उलट फोन केला.

"नाही मावशी. पण अशी वस्तू तुमच्या हातात आली आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"

झुंबरबाईनं फोन ठेवला आणि पुढचा तुकडा उजेडात धरला.

सोमवारी राधेश्यामनं पावतीवर बघून कारखान्याचं नाव सांगितलं. ती रिक्षानं एमआयडीसीत गेली. वॉचमन आत सोडेना. ती फाटकाशी उन्हात बसून राहिली, दुपारी एक सुपरवायझर बाहेर आला तेव्हा त्याच्या पाया पडली. त्यानं तिला शेडच्या मागं नेलं. तिथं वापरलेल्या चिंध्यांचे तीन ड्रम होते, काठोकाठ भरलेले. तेलानं आणि लोखंडाच्या काजळीनं सगळ्या चिंध्या काळ्याठिक्कर झालेल्या.

"बघा," सुपरवायझर म्हणाला. "पण आजी, यात काळा दोरा कसा ओळखणार?"

तरी तिनं कोपरापर्यंत हात घातले. पहिला ड्रम अर्धा उपसला. मग ती थांबली. ड्रमच्या कडेला धरून मोठ्यानं रडली, आणि शेडमधली माणसं काम टाकून बघत राहिली.

घरी येऊन तिनं राखेनं आणि साबणानं हात घासले. नखांतला काळेपणा गेला नाही. फोनवर अक्षताचे सात मिस्ड कॉल होते. पोरीला काय सांगायचं? तुझ्या सासरच्यांची सगळ्यात मोलाची वस्तू तेल पुसण्यात गेली, आणि आता तू त्या घरात जन्मभर मान खाली घालून राहा, हे?

मग तिच्या मनात आलं. आपल्या पत्र्याच्या पेटीत बापाची धोतरजोडी आहे. त्याच काळातलं मिलचं कापड. काठ थोडा गडद आहे, तेवढाच फरक.

मंगळवारी सकाळी तिनं जोडी सोड्याच्या पाण्यात उकळली. काठाचा रंग उतरला. चहाच्या पाण्यात बुडवून, पिळून सावलीत वाळवली. बुधवारी दारात बसून काळ्या दोऱ्यानं दंड घातला. मूळची शिवण तिच्या बोटांना पाठ होती. घाईत घातलेले लांब टाके, मधेच एका जागी दोरा संपून पडलेली गाठ. तिनं गाठही तिथंच मारली. शिवणीवर दगड घासून ती जुनी केली. घडी घालून डांबरगोळ्या ठेवल्या. संध्याकाळी उघडून वास घेतला तेव्हा तिचं तिलाच भ्या वाटलं. तृप्तीताईलाही फरक सांगता आला नसता.

गुरुवारी ती वडीगोद्रीला उतरली. दारात अक्षता होती. पिशवी बघून ती धावतच आली आणि झुंबरबाईच्या गळ्यात पडली. गुरुजी बाहेर आले, "सापडलं? खरंच सापडलं?" म्हणत त्यांनी आतल्या खोलीकडं वळून आईला हाक मारली, "बाई, लुगडं आलं!"

कौतिकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आठ दिवसांत पार सुकून गेल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. झुंबरबाईनं घडी त्यांच्या हातांत ठेवली. म्हातारीनं कापड उलगडलं नाही, आधी नाकाशी नेलं. मग बोटं दंडावर फिरवत नेली. गाठीपाशी बोट थांबलं.

"हीच," त्या म्हणाल्या. "इथं दोरा सरला व्हता. शेजारच्या बाईकडून आणखी हातभर आणला आईनं. ये गं पोरी, तू बी हात लाव."

गेल्या आठ दिवसांत त्या अक्षताशी पहिल्यांदाच बोलल्या. अक्षता त्यांच्यापाशी बसली. गुरुजींनी डोळे पुसले. आतून ताट आणायची गडबड सुरू झाली.

"गाडीत लई गर्दी व्हती," कौतिकाबाई सांगायला लागल्या. "मी आईच्या मांडीवर. ह्या पदरात तोंड घालून झोपले व्हते मी, सारी वाट. नागपुरात उतरलो तर जिकडं बघावं तिकडं पांढरं. आई म्हणली, बघ, आता आपल्याला कोणी येगळं काढणार न्हाई. ह्याच पदरानं तिनं मह्ये डोळे पुसले. ह्याच." आणि त्यांनी ते कापड गालाशी धरलं.

झुंबरबाईच्या बापानं ते धोतर ऊसतोडीच्या मुकादमाकडं हजेरीला जाताना नेसलं होतं. तिला बसवेना.

"कौतिकामाय," ती म्हणाली, "हे ते न्हाई."

कुणाला कळलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं. "हे तुमच्या आईचं न्हाई. मी बनवून आणलं. मह्या बापाची धोतरं हायती."

म्हातारीचा हात गालाशीच राहिला. "मंग मह्या आईचं कुठंय?"

"कापलं. तुकडे करून फॅक्टरीत गेलं, तेल पुसायला. मी ड्रम उपसून बघितले, माय. न्हाई सापडलं."

"किती तुकडे झाले असतील?"

"न्हाई सांगता येत."

गुरुजी ओरडले. आजवर त्यांचा आवाज असा चढलेला गल्लीत कुणी ऐकला नव्हता. "तुम्ही आमच्या आईला फसवायला आलात? आज, दसऱ्याच्या तोंडावर? उठा. निघा इथून."

झुंबरबाई उठली, पण दारात थांबली. "जाते, गुरुजी. एकच सांगते. पोरीला दोष देऊ नका. तिला बिलकुल माहीत नव्हतं. मला कळलं व्हतं. वास आल्ता डांबरगोळ्यांचा, कुणीतरी जपून ठेवलंय म्हणून कळलं व्हतं. मी मुद्दाम इचारलं न्हाई."

ती फाट्यावर येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की धोतरं तिथंच राहिली.

त्या दसऱ्याला कौतिकाबाई दुकानातली साधी पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, एका बाजूला गुरुजी आणि दुसऱ्या बाजूला अक्षता. हे झुंबरबाईला नंतर कळलं. तिनं वडीगोद्रीला जाणं सोडलं होतं. दुसऱ्या गावांत आता ती प्रत्येक दारात विचारते, "हे कुणाचं हाय? त्यांना इचारलं का?" त्यावर अर्ध्याअधिक बाया गाठोडं आत नेतात. पाटी जवळपास भरलेली तशीच घरी येते. बरोबरच्या बोहारणी हसतात. चांगलं लुगडं सापडलं तरी ती आता अंगाला लावून बघत नाही.

पौषात अक्षताचा फोन आला. "आजी बोलावतात. धोतरं घेऊन जा म्हणतात."

ती गेली. कौतिकाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा होता. त्यांनी बस म्हटलं नाही. बाजूला ठेवलेली घडी पुढं सरकवली आणि वर एक सुई ठेवली.

"उसव," त्या म्हणाल्या. "इथंच. मला बघू दे."

झुंबरबाई जमिनीवर बसली. टाके तिनंच पक्के घातले होते, सुटता सुटेनात. तासभर ती एकेक टाका उचलत राहिली आणि कौतिकाबाई चष्म्याआडून बघत राहिल्या. शेवटची गाठ सुटली आणि दोन धोतरं वेगळी झाली.

"काय नाव तुह्या बापाचं?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"मच्छिंद्र."

"ने त्याचं त्याला," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत आत निघून गेल्या.