सुजातावहिनींचं मशीन आणि आम्ही तिघं

जुनी माणसं आणि जुने कम्प्युटर, दोघांकडे किस्से फार. नव्या मशीनचा किस्सा काय होणार? बटण दाबलं, चालू झालं, संपला किस्सा. आमच्याकडे बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत चहा पिऊन होतो, आणि तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात जे काय काय येऊन जातं, त्यातून हे सगळं साठत गेलंय.

आम्ही म्हणजे तिघं. काळाचौकीत आमच्या मंडळाची तळमजल्यावर एक खोली आहे. गणपतीचं मखर, पडदे, लाईटच्या माळा तिथे असतात. उरलेल्या जागेत दर रविवारी आमचा दवाखाना. लोकांनी टाकून दिलेले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कम्प्युटर आणायचे, साफ करायचे, त्यांच्यावर लिनक्स टाकायचं आणि ज्याला गरज आहे त्याला द्यायचे. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. तिच्यातले काही हलके प्रकार म्हाताऱ्या मशीनवरही पळतात. निदान चालतात तरी.

बाळाकाका आमचे सीनियर. मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, सत्तरी ओलांडलीय, घरात आणि रागात मालवणी बोलतात. किशोर तिशीतला, सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्याला सगळं येतं आणि तोच आमचा प्रॉब्लेम आहे. तिसरा मी. मला काळजी करता येते.

* * *

गिरगावातले एक रिटायर्ड हेडक्लार्क होते. त्यांचं मशीन सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचं. आम्ही लिनक्स टाकून दिलं, दोन मिनिटांवर आलं. आठ दिवसांनी गृहस्थ टॅक्सीत मशीन घालून परत हजर. मी घाबरलो. विचारलं, काय बिघडलं?

"काहीच बिघडत नाहीये," ते म्हणाले. "म्हणून तर आणलं. तुम्ही एकदा बघून घ्या."

बाळाकाकांनी झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढून शाळेतल्या खोडरबराने घासली, परत बसवली आणि आता ठीक आहे म्हणून सांगितलं. साहेब समाधानाने गेले. मला मात्र त्यांचं पटलं होतं. मीही तसाच आहे.

* * *

पण आमची खरी झोप उडाली ती सुजातावहिनींच्या मशीनमुळे.

वहिनी लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचे मिस्टर प्रकाश आमच्या मंडळातले. सरकारी ऑफिसात होता, अचानक गेला. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर वहिनींना नोकरी मिळाली, पण अट होती: ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झालात तर नोकरी गेली. वहिनींनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता. मुदतीतले बरेच महिने रडण्यात आणि कागदपत्रांत गेले होते. त्या मंडळाच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, भाऊजी, मला एक मशीन द्या, कसलंही चालेल.

कसलंही चालेल हे आमच्यासमोर बोलू नये. आम्ही दिलंच.

त्यातल्या त्यात धडधाकट बघून दिलं होतं, तरी जिन्यावरून चढवताना मला धाप लागली ती वजनाने नाही. दोन मुलं, घरभाडं, या बाईची सगळी भिस्त या डब्यावर, आणि डबा कुणीतरी भायखळ्याच्या भंगारात टाकायला निघालेला आम्ही मध्येच अडवलेला. मी तीन रात्री नीट झोपलो नाही.

* * *

पंधरा दिवसांनी वहिनींचा फोन. मशीन वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतंय आणि इंटरनेटवरची एकही साईट उघडत नाही. मला घाम फुटला. किशोर हसायला लागला. म्हणाला, आतला घड्याळाचा सेल संपलाय, तारीख चुकली की साईट्स विश्वास ठेवत नाहीत, दुसरं काही नाही.

आम्ही तिघंही गेलो. एका सेलला तिघं कशाला, असं बायकोने विचारलं होतं, पण तिला काय सांगणार. बाळाकाकांनी सेल बदलला, किशोर तारीख दुरुस्त करायला बसला. वहिनी मागे उभ्या राहून पडद्याकडे बघत होत्या.

"वीस वर्षांपूर्वी माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं," त्या म्हणाल्या. "राहू दे का तसंच?"

किशोरचा हात माऊसवर तसाच थांबला. मग वहिनीच हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

* * *

आता किशोरचा प्रताप ऐका. या लिनक्सवाल्यांना एक खोड असते. चालतंय ते चालू देत नाहीत. नवीन व्हर्जन आलं की यांचे हात शिवशिवतात. एका शनिवारी हा पठ्ठ्या आम्हाला न सांगता वहिनींकडे गेला आणि मशीनवर ताजं व्हर्जन टाकून आला. जास्त स्मूथ चालेल म्हणे.

मराठी टायपिंगच्या कीबोर्डाच्या दोन पद्धती आहेत. परीक्षेला जुन्या टाइपरायटरची लागते, वहिनी तीच शिकत होत्या. नव्या व्हर्जनमध्ये आपोआप दुसरी लागली. किशोर ती बदलायला विसरला. झालं! वहिनी बसल्या, बोटं सवयीच्या जागी गेली आणि पडद्यावर भलतंच. एक शब्द धड उमटेना.

दुसरा कुणी असता तर त्याने आम्हाला फोन करून शिव्या घातल्या असत्या. वहिनींना वाटलं, आपणच विसरलो. डोक्यावर परिणाम झाला. दोन दिवस रोज पहाटे उठून त्या 'क' शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी शेजारणीने मला सांगितलं की सुजाता जेवत नाहीये.

किशोरने दोन मिनिटांत पद्धत बदलली आणि तिथेच जमिनीवर बसला. कान पकडले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे ना?" मला अक्षरशः रडू आलं.

खाली उतरल्यावर बाळाकाकांनी गल्लीतच त्याला धरला. "चलता हा तर चलांदे! कित्याक हात लावतंस, मेल्या?" आणि फर्मान काढलं, परीक्षा होईपर्यंत त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, वहिनींनी बोलावल्याशिवाय तो जिना चढायचा नाही.

* * *

हात लावायचा नाही म्हटल्यावर माझं आणखी वाईट झालं. डॉक्टरला पेशंट बघायची बंदी! मग मी रोज संध्याकाळी फोन करायला लागलो. पंखा आवाज करतोय का, वास येतोय का, कीबोर्डचं एखादं बटण अडकतंय का. वहिनी शांतपणे सांगायच्या, सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही जेवलात का. शेवटी शेवटी तर मी एकदा येऊन नुसता बघून जातो म्हणालो. त्या म्हणाल्या, गावाहून पाहुणे आलेत, बसायला जागा नाही, परीक्षेनंतर या.

मला ते बरंच वाटलं. पाहुणे असून बाई प्रॅक्टिस करतेय म्हणजे मशीन ठणठणीत असणार.

* * *

परीक्षेचं सेंटर दादरला होतं. तिघांनीही न ठरवता हाफ डे टाकला. म्हणजे मी आणि किशोरने टाकला, काकांना कसला हाफ डे. फाटकासमोर उभे होतो. किशोर नखं खात होता. काका सारखे वायरींकडे बघत होते, लाईट जाते की काय म्हणून. मी आतापर्यंत परीक्षेत कोणकोणते कम्प्युटर बंद पडले असतील याचा विचार करत होतो.

वॉचमन कंटाळला. किसकी लडकी है अंदर, म्हणून विचारलं त्याने. बाळाकाका गंभीरपणे म्हणाले, "तीनों की."

वहिनी बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही दिसेना. झालं, म्हणाल्या, आणि इथे चहा कुठे चांगला मिळतो ते विचारलं. आम्ही गुपचूप चहा प्यायलो. कशी गेली हे विचारायची एकाचीही हिंमत झाली नाही.

* * *

रिझल्टच्या नंतरच्या रविवारी वहिनी खोलीत पेढे घेऊन आल्या. पास! नोकरी पक्की! काकांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला. किशोरने शिट्टी मारली. माझ्या छातीवरचा कित्येक महिन्यांचा दगड उतरला आणि मी जरा भाषणच ठोकलं. म्हणालो, बघितलंत, लोक भंगार म्हणतात, पण आमच्या म्हाताऱ्या मशीनने शेवटपर्यंत साथ दिली की नाही?

वहिनींनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला.

"भाऊजी, ते मशीन परीक्षेच्या आधी एकवीस दिवस बंद पडलं."

मग किशोरने विचारलं, "मग प्रॅक्टिस?"

"नुसत्या कीबोर्डवर. समोर भिंत."

"अहो पण मी रोज फोन करत होतो," मी म्हणालो. "एका शब्दाने सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिघंही आला असतात," वहिनी म्हणाल्या. "ते उघडलं असतं आणि माझ्यासमोर रडवेले होऊन बसला असतात. मला परीक्षा द्यायची होती हो."