काकाजींचा जीव कशात अडकला होता

काकाजींचा जीव बैलात अडकलाय, हा शोध माझा. घरात माझ्या अकलेचा उपयोग क्वचितच होतो, म्हणून मी तो मोठ्याने जाहीर केला, तोही त्यांच्या खोलीच्या दारात उभा राहून. डोळे मिटलेला माणूस बहिरा असतो, अशी माझी समजूत होती.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. काकाजी म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, केनवडला आमच्याच घरात राहणारे. पोटात गाठ झाली होती. जवळच्या मालेगावच्या डॉक्टरने पुडीत चार गोळ्या बांधून दिल्या आणि सांगितलं, "आता घरीच सेवा करा." सेवा म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दोन महिने काकाजी कण्हत होते.

आमच्याकडे जीव लवकर जात नसला की तो कशात तरी अडकलाय असं मानतात. ती वस्तू दाखवली की माणूस सुटतो म्हणे. त्यांची लेक सासरहून आणून दाखवली, तिच्या हातून जिभेवर गूळ ठेवला, वावरातली माती मुठीत दिली. काकाजी सुटेनात. मग मी मालेगावकडे विकलेला त्यांचा लाडका बैल हातापाया पडून मागून आणला, दिवसभर चालवत.

अंगणात मंडळी चहा फुंकत बसलेलीच होती.

"डाक्टरले म्हना, एक इंजेक्शन द्या अन् मोकळं करा," निवृत्त मास्तर म्हणाले. "ढोरालेही असं ठेवत नाही कोनी."

"हॅट्! भोग हाये तो," शेजारचे माळकरी बुवा कडाडले. "भोगूनच जा लागते. सोडवनारे तुमी कोन?"

दोघांपैकी एकानेही दोन महिन्यांत खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. वास येतो. मी तरी कुठे? नाकाला उपरणं लावून दारातूनच "कसं काय, काकाजी?" विचारायचो. दया आणि पाप यांवर बोलायला अंगणातली हवा बरी. माझ्या बायकोचा तर प्रश्नच नव्हता. सुनेने सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, ही रीत. ती ताट दारात ठेवायची, गडी ते खाटेशी सरकवून पळायचा.

बैलाने दारातून डोकं आत घातलं. काकाजींनी डोळे उघडले. आम्ही हात जोडले, मास्तरांनी टोपी काढली.

"हा काहून आनला बे? मले मारून राह्यले काय तुमी?" काकाजी म्हणाले. "पाठ जळून राह्यली. कुशीवर करा मले."

कोणी हललं नाही. बायको चुलीपुढून उठली, पदर खोचून आत शिरली.

"अवो, पाय धरा तिकडून! तोंड काय पाहून राह्यले?"

"सासऱ्याले हात लावते!" बुवा म्हणाले.

"मंग तुमी लावा, बुवा. या."

बुवांना अचानक घरचं काम आठवलं.

चादर पाठीला चिकटली होती. पाणी लावून लावून सोडवली. खाली जे दिसलं ते सांगत नाही. त्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, कडुनिंबाच्या पाण्याने पुसणं, जुन्या लुगड्यांच्या घड्या खाली घालणं सुरू झालं. मला तिने दुखणं थांबवणारं औषध आणायला पिटाळलं. डॉक्टर म्हणाला, अफूचं औषध आहे, सवय लागेल. मरणाऱ्या माणसाच्या सवयीची ही काळजी! मी त्याच्या बाकावरून उठलोच नाही, तेव्हा कुठे बाटली मिळाली.

काकाजी तीन आठवडे जगले, बरेचसे झोपून. मध्येच एकदा जागे होऊन वरण तिखट झालं म्हणून रागावले. एका दुपारी कुशीवर असतानाच गेले.

तेराव्याला मास्तर म्हणाले, "सुटले." बुवा म्हणाले, "भोग सरले." मीही आम्ही केलेल्या सेवेवर बरंच बोललो. मंडळी गेल्यावर बायको म्हणाली, "मी खाटेवर पडली त आधी मले पुसजा, काय पाह्यजे म्हून. मंग खुशाल गावाले पुसत बसा."