धुऱ्यावरचा उपदेश

आसगावचा योहान नंदेश्वर आठवडाभर धानाच्या शेतीत राबे आणि रविवारी आपल्याच ओसरीत पंधरा-वीस जणांना उपदेश करी. आवाज असा, की गल्लीतली कुत्री उठून बसत.

एका रविवारी तो गरजत होता, "ख्रिस्तात नवे व्हा! जुनं टाकून द्या!" तेवढ्यात बायकांमधून त्याची बायको मालनबाई म्हणाली, "अगोदर शेताचा धुरा मांगं सरकवा. हातभर भावाच्या बांधीत घुसवला तुमी."

योहान संतापला, पण यात खोटं काय, ते त्याला सापडेना. बायबल मिटून, फावडं घेऊन तो तडक शेतावर गेला आणि दोन शेतांमधला तो मातीचा धुरा खोदून मागे घेऊ लागला.

सात वर्षं न बोललेला थोरला भाऊ पलीकडून ओरडला, "काहून रे, आज उपदेश नाई का?"

योहानने मान वर केली नाही. "तोच करून राहिलो," तो म्हणाला.